कावळगडाचा दुसरा सीझन

सोमवारची दुपार होती. सोमवारी आमचा मिरची कुटायचा डंक बंद असतो. मी सोप्यात पोतं अंथरून मिरच्यांची देठं मोडत बसले होते, तेवढ्यात नातवाच्या खोलीतून बासरी ऐकू आली. खोलीचं दार आतून लावलेलं. बासरी झाली, ढोलावर एक थाप पडली आणि मग कावळ्यांचा थवा ओरडत गेला.

माझा हात थांबला. इतक्या वर्षांनी ऐकत होते, पण त्या बासरीला विसरणं मला जमलं नसतं. कावळगड सुरू झाला होता, आणि मला कुणी हाक मारली नव्हती.

आत दोघं होती. माझा नातू सुयोग आणि त्याची बायको श्रुतिका. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आधी तिचं हसू आलं, मग त्याचं. मग ती काहीतरी म्हणाली आणि दोघं मिळून हसली. मिरचीचा हात कधी डोळ्याला लागला कळलं नाही. नंतर न्हाणीत जाऊन डोळे धूत बसले. एक बरं झालं, कुणी विचारलंच असतं तर सांगायला कारण होतं.

हा कावळगड म्हणजे जपानी चित्रांची मालिका. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. कावळगड हे नाव सुयोगनं ठेवलं. तो अकरावीला असताना काळभैरीच्या उतारावर गाडीवरून पडला आणि पाय मोडून घेऊन घरी बसला. पोराला एकटं कसं सोडायचं, म्हणून दुपारची मी त्याच्याजवळ जाऊन बसायची. तो कॉम्प्युटरवर ही चित्रं बघायचा. माणसं बोलायची जपानी, खाली ओळ यायची इंग्रजी, आणि माझी शाळा चौथीत संपलेली. म्हटलं, मोठ्यानं सांग मला, नाहीतर बंद कर. मग तो सांगायला लागला. बाप्यांचं बाप्याच्या आवाजात, बायांचं बायांच्या आवाजात, आणि भुतांचं असं की शेजारची कुत्री भुंकायची.

गोष्ट साधी होती. डोंगरावर एक गड. सगळ्या बाजूंनी भुतं टपलेली. गडाची मालकीण एक म्हातारी, ओकिमी तिचं नाव. मी तिला किमाबाई म्हणायची. पांढरे केस, तोंडात चिलीम, नजर अशी की समोरचा पाण्यासारखा पातळ व्हावा. तिचा नातू हारू तलवार घेऊन गड राखायचा. आणि किमाबाईच्या पाठीमागं कायम एक काळा माठ असायचा, तोंडाला तांबडं कापड बांधलेला. पहिल्यांदा तो माठ दिसला तेव्हा मी हात जोडले. देव काय रं त्यांचा, म्हणून विचारलं. सुयोग माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "व्हय आज्जी, कुळदैवत हाय. म्हातारी राखण करती." तेव्हापासून माठ दिसला की मी नमस्कार करायची.

आणि किमाबाई बोलायची काय! भुतांचा राजा दारात आला की म्हणायची, ये की बाबा आत, तुझीच चटणी करायची ठेवलीया. मी मांडीवर थाप मारून हसायची. जपानात असल्या बायका असतील तर ते राज्य बुडायचं नाही, असं मी डंकावर बायकांना सांगितलेलं आहे.

पहिला सीझन संपला तो असा, की बर्फ पडतोय, गडाचा दरवाजा उघडायला आलाय आणि हारू आज्जीच्या पायाशी बसून काहीतरी बोलतोय. सुयोगनं सांगितलं, तो म्हणतोय, आज्जी, मी हाय तोवर तुझ्या गडाला कोण हात लावतोय बघू. माझे डोळे भरून आले होते. पुढं काय, म्हटलं. तो म्हणाला, दुसरा सीझन आला की कळंल.

आमच्याकडं सीझन म्हणजे मिरचीचा. असे किती आले आणि गेले. दर वर्षी वर्षाची चटणी कुटून न्यायची गर्दी ओसरली की मी विचारायची, आला का रं आपला कावळगड? तो म्हणायचा, न्हाई आज्जी, कंपनीच बुडाली म्हणं.

कंपनी बुडाली नव्हती. बंद दारामागं ती चांगली वाजत होती.

सुयोग माझ्या थोरल्याचा मुलगा. थोरला इचलकरंजीला असतो. त्याच्या बायकोला जुळ्या मुली झाल्या, तिला तिन्ही पोरं झेपेनात, म्हणून मी सुयोगला गडहिंग्लजला आणला. मुली चालायला लागल्यावर नवराबायको त्याला न्यायला आली. मी म्हटलं, दोन हायत न्हवं तुम्हास्नी? ह्यो माझा. सून रडायला लागली तेव्हा मी पोरालाच मध्ये उभं केलं आणि विचारलं, कुणाकडं ऱ्हायाचं रं? तो म्हणाला, आज्जीकडं. विषय संपला. चहा पाजून त्यांना एसटीत बसवलं.

पोरगा चित्रं काढायचा. डंकाच्या शेजारचा गाळा रिकामा करून मी त्याला फ्लेक्सचं दुकान घालून दिलं. गावातल्या पुढाऱ्यांचे वाढदिवस त्याच्यामुळं साजरे व्हायचे. लग्न केलं ते बेळगावच्या मुलीशी. स्वतः निवडलेली. मुलगी दिसायला बरी, कामाला बरी, तोंडानं कमी. पण घरात आल्यापासून पुणं पुणं सुरू झालं. पुण्यात कुठल्या तरी कंपनीत हलती चित्रं करतात, त्यांना सुयोगचं काम आवडलं होतं. त्यानं मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, माझी तिरडी बांध आणि मग जा. परत त्यानं विषय काढला नाही. पण त्या कंपनीला ह्या सोमवारच्याच आठवड्यात होय की नाही कळवायचं होतं, हे मला ठाऊक होतं. श्रुतिका आईशी फोनवर बोलायची ते भिंतीपलीकडं ऐकू यायचं. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. भिंत पातळ आहे.

माझ्या मनानं हिशेब घातला. पुण्याचं खूळ हिचं. कावळगड आता हिच्याबरोबर. उद्या पोरगाही हिच्याबरोबर.

त्या संध्याकाळी जेवताना मी आमटी वाढता वाढता विचारलं, काय रं योगू, आपल्या कावळगडाचं पुढं काय झालं? दुसरा सीझन निघाला काय?

त्यानं घास गिळला. "न्हाई आज्जी. अजून न्हाई."

श्रुतिकानं मान खाली घातली आणि भाकरीचा एवढासा तुकडा आमटीत किती वेळ बुडवून ठेवला. मी त्याला जास्तीचं तूप वाढलं. तो खोटं बोलला ह्यापेक्षा तिच्यासमोर बोलला, हे मला जास्त लागलं. म्हणजे माझ्याशी खोटं बोलायचं हे दोघांचं ठरलेलं होतं. नवऱ्याला जाऊन तीस वर्षं झाली, पण माझ्या पाठीमागं दार लावून हसायची हिंमत त्या माणसानंही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुयोग फ्लेक्सचा माल आणायला कोल्हापूरला गेला. सकाळची गर्दी ओसरल्यावर मी डंक कामाच्या बाईवर सोपवला आणि घरात आले. श्रुतिका स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी पाटावर बसले आणि म्हटलं, कावळगड लाव.

ती घाबरली. म्हणाली, सुयोगला विचारते. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात घे, आणि ह्या घरात विचारायचं ते मला विचार. तशी तिनं लॅपटॉप आणला, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तरी उभीच राहिली.

"आज्जी, ते म्हणाले होते तुम्हाला दाखवू नको म्हणून."

"का?"

"तुम्हाला आवडणार नाही म्हणाले."

मला आवडणार नाही! माझ्या किमाबाईचं मला आवडणार नाही, आणि ही कालची आलेली मला ते सांगणार. मी म्हटलं, "वाच. ओळ न् ओळ वाच. एक अक्षर इकडंतिकडं केलंस तर बघ. तू किती खरं बोलतीस ते आज मला बघायचंच हाय."

तिनं लावलं. बासरी झाली, थाप झाली, कावळे आले. कावळे बघूनच मी तोंड वाकडं केलं. पहिल्या सीझनमधले कावळे म्हणजे खरे कावळे होते, पंख विस्कटलेले, उपाशी. हे सगळे एकसारखे, दुकानातून डझनावर आणल्यागत. बर्फही तसाच. आधीचा बर्फ पडायचा तेव्हा मी एप्रिल महिन्यात पदर ओढून घ्यायची. हा साबणाच्या फेसासारखा. मी म्हटलं, हात बदललाय चित्रं काढणाऱ्याचा. श्रुतिका म्हणाली, होय, दुसरी कंपनी आहे आता, हेपण असंच म्हणत होते. ते ऐकून जरा बरं वाटलं. पण ती लगेच पुढं म्हणाली, मला तर दुसराच जास्त आवडतो, ह्यात सुझू येते. सुझू म्हणजे कोण तर एक धनुष्यवाली पोरगी. गडाखालच्या गावातली. हारूची कोण लागते ते मला न सांगता कळलं.

मग किमाबाई आली. सुरकुत्या कमी केल्या होत्या मेल्यांनी, पण नजर तीच. मला माहेरचं माणूस भेटल्यागत झालं. तिनं चिलीम बाजूला ठेवली आणि हारूला काहीतरी म्हणाली. श्रुतिकानं वाचलं, "मी सांगितल्याशिवाय ह्या गडावर कुणी श्वाससुद्धा घेत नाही. तूही नाही."

मी म्हटलं, असं बोलणार नाही ती. नीट वाच. तिनं परत वाचलं. तेच होतं. किमाबाई म्हणाली, "बाहेरच्या जगात तुझं कोण आहे? मी आहे म्हणून तू आहेस." मग ती मागं वळली आणि माठ दिसला. काळा माठ, तांबडं कापड. माझे हात आपोआप जोडले गेले.

श्रुतिका थांबली. "आज्जी, नमस्कार कशाला?"

"देव हाय न्हवं त्यात. त्यांचं कुळदैवत."

तिनं चित्र थांबवलं. मी म्हटलं, काय झालं, दातखीळ बसली काय.

"आज्जी, त्यात हारूची सावली आहे," ती म्हणाली. "तो लहान असताना तिनं ती कापून माठात कोंडलीय. सावली नाही म्हणून त्याला गडाच्या दाराबाहेर पाय टाकता येत नाही."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर छद्मीपणा काही नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, दुसऱ्या सीझनवाल्यांनी वाटोळं केलं गोष्टीचं. चांगल्या बाईला कैदाशीण करून टाकली. आमच्या पहिल्या सीझनमध्ये असलं काही नव्हतं. पहिला आम्ही दोघांनी बघितलाय, तुला काय ठाऊक त्यातलं.

"मी पण बघितलाय आज्जी. पहिल्यापासून सावलीच आहे."

"खोटं."

"दाखवू?"

आता माघार घ्यायची कुणी? मी म्हटलं, दाखव. तिनं पहिला सीझन काढला. तो जुना बर्फ, ते विस्कटलेले कावळे, आणि दारात आलेला भुतांचा राजा. चटणी करायची ठेवलीया, हे किमाबाईचं बोलणं मला पाठ होतं. ती तोंड उघडायच्या आधीच माझ्या ओठावर आलं. श्रुतिकानं खालची ओळ वाचली, "आपला करार झालाय. मुलगा माझा, दरी तुझी."

चित्र तेच. सुरकुती न् सुरकुती तीच. किमाबाईनं माझ्याकडं बघितल्यासारखं बघितलं आणि चिलीम ओढली. मी म्हटलं, शेवट काढ. हारू पायाशी बसतो ते. तिनं काढलं. मी विचारलं, काय म्हणतोय तो?

श्रुतिकाला वाचायचं नव्हतं. तिनं लसणाच्या ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पण एक अक्षर इकडंतिकडं करायचं नाही असं मीच बजावलं होतं, आणि ती पोरगी सांगितलेलं करणारी.

"तो म्हणतो, आज्जी, माठात काय आहे ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मी कापड सोडणार नाही. सोडायचं तर तूच सोड."

मी म्हटलं, बंद कर.

तिनं बंद केलं. मी उठले, डंकावर गेले आणि एका बाईला तिच्या मिरच्या ओल्या आहेत म्हणून परत पाठवलं. मिरच्या चांगल्या कडक होत्या.

दुपारभर मला एकच गोष्ट खात होती. वाईट किमाबाईचं वाटलं नाही. ती जशी असेल तशी असो. पण माझी किमाबाई माझ्यापेक्षा त्या पोरीला जास्त ओळखीची निघाली. सुयोग तिच्याशी खरी गोष्ट बोलत होता आणि मला आवडेल ती मला सांगत होता. लहान पोराला औषध गुळातून देतात तशी. ह्या गावात मला, हौसाक्का चौगुलेला, गुळातून काही द्यायची कुणाची छाती नाही.

संध्याकाळी तो आला. हातपाय धुतले, चहाला बसला. श्रुतिका चुलीजवळ उभी होती. तिनं त्याला आधी काही सांगू नये म्हणून तो घरात शिरल्यापासून मी तिच्या मागं होते. मी समोर बसले आणि तिच्यादेखत विचारलं.

"योगू, आपल्या कावळगडात त्या माठात काय होतं रं?"

त्यानं बायकोकडं बघितलं. तिच्या तोंडावरून त्याला सगळं कळलं असणार. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, आज्जी, सावली होती. म्हटलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती आणि नंतर भाकरी खाल्ली असती.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "देव होता, आज्जी."

श्रुतिकानं चुलीवरचं दूध उतरवलं, पदराला हात पुसला आणि खोलीत गेली. दार लावलं नाही. उघडंच ठेवलं.

मी जिंकले होते. बायकोला खोटं पाडून पोरगा माझ्या बाजूनं उभा राहिला होता. मला तेच तर हवं होतं. पण तो "देव होता" म्हणाला तो आवाज माझ्या कानात अडकला. असा आवाज मी त्याचा आधी एकदा ऐकला होता. इचलकरंजीहून त्याचे आईबाप न्यायला आले होते, मी त्याला मध्ये उभा करून विचारलं होतं, आणि तो जमिनीकडं बघत म्हणाला होता, आज्जीकडं.

रात्री मी कान देऊन पडले. भांडतील म्हणून वाट बघितली. त्या पातळ भिंतीतून भांडणाचा आवाज आला नाही. हसण्याचाही आला नाही.

बुधवारी डंकावर पाय ठेवायला जागा नसते. बाजार रविवारचा, देठं मोडून वाळवून होईतो बुधवार उजाडतो. त्या दिवशी बायकांची रांग दारापर्यंत गेली होती. लोखंडी मुसळं धडधडत होती, तिखटानं सगळ्यांच्या नाकाला पदर. मी श्रुतिकाला घरातून बोलावून घेतलं. आमच्या पोत्यातून मी संकेश्वरी मिरची काढली, ब्याडगी काढली, आणि दोन माणसांच्या वर्षाच्या अंदाजानं वेगळी तागडीत घातली.

आमच्या भागात घर वेगळं झालं की ते आधी डंकावर कळतं. सून आपली मिरची निराळ्या डब्यात घेऊन आली की रांगेतल्या बायकांना दुसरं काही सांगावं लागत नाही. किती घरं अशी माझ्या तागडीत फुटलेली मी बघितली आहेत, आणि त्या सासवांना मी बोलायचं ते बोललेलीही आहे. म्हणून मी तागडी हातात धरली तेव्हा बायका एकीकडून दुसरीकडं गप्प होत गेल्या. यसाबाई म्हणून एक जुनं गिऱ्हाईक होतं. ती म्हणाली, "हौसाक्का, एवढीच गं? पाव्हण्यांस्नी पाठवायची काय?"

"पाव्हण्यांस्नी न्हाई. नातवाचं बिऱ्हाड चाललंय पुण्याला."

श्रुतिकाच्या हातातला डबा खाली पडता पडता राहिला. ती माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, आज्जी, आम्ही कुठं जातोय, ह्यांनी तर कंपनीला नाही म्हणून कळवलंय काल. मी तिला सांगितलं, तू मध्ये बोलू नको, तुझ्या आईला फोन लाव. तिला वाटलं मी आता तिच्या आईचा उद्धार करणार. मी म्हटलं, चटणीचं प्रमाण विचार. खोबरं किती, धणे किती, तीळ किती. बेळगावचं प्रमाण घालायचं ह्यात.

आता प्रत्येक घराच्या चटणीचं प्रमाण निराळं असतं, आणि बाई ते मरेपर्यंत कुणाला सांगत नाही. माझं प्रमाण मी माझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही. रांगेतल्या बायकांनी कान टवकारले. बेळगावच्या बाई फोनवरून सांगत होत्या, श्रुतिका ऐकून म्हणत होती, आणि मी नाक मुरडत वजन करत होते. बडीशेप घालतात म्हणे. मी म्हटलं, चटणी हाय का विड्याचं पान? बायका हसल्या. श्रुतिकापण हसली आणि मग तिनं डोळे पुसले. तिखटाचं निमित्त तिलाही सापडलं.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं असणार, सुयोग दुकानातून धावत आला. हाताला शाई. त्यानं तागडी बघितली आणि त्याला समजलं.

"आज्जी, मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना."

"कुणाला विचारून?"

"तूच म्हणालीस की."

"मी म्हणाले म्हणून? एवढा घोडा झालास, एक बायको आणलीस, आणि मी म्हणाले म्हणून?" मी मुसळं बंद करायला सांगितली. म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. "फोन लाव आणि येतो म्हणून सांग. माझ्या घरात दार लावून हसणारी माणसं मला नकोत. तिकडं जाऊन हसा."

तो जवळ आला. बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकून बोलला. "माठाचा तुला राग आलाय. मी तुला फसवलं न्हाई गं आज्जी."

"मग काय केलंस?"

"पहिल्याच दिवशी तू हात जोडलेस. देव काय रं, म्हणालीस. मग मी काय सांगणार हुतो?"

रांगेतल्या बायका बघत होत्या आणि ह्या गावानं मला कधी निरुत्तर बघितलेलं नाही. मी म्हटलं, "सांगायचं होतंस. मी काय देव बघितला न्हाई व्हय कधी? सरक बाजूला, खोळंबा हुतोय गिऱ्हाइकाचा." आणि मुसळं सुरू करायला लावली. त्या आवाजात तो पुढं काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते.

त्या महिन्यातच ती दोघं पुण्याला गेली. हौसाक्कानं नातवाला चटणी बांधून घराबाहेर काढला, असं गावात झालं. इचलकरंजीहून सुनेचा फोन आला. तिला मी म्हटलं, व्हय, काढला, तुझं काय गेलं? तिनं विचारलं, आई, तुम्ही जेवला का? असलं ती मला आधी कधी विचारत नव्हती.

आता त्याला वर्षं झाली. सुयोगचं नाव चित्रांच्या शेवटी येतं म्हणतात. दर उन्हाळ्यात दोघं येतात, मिरची घेतात, आणि श्रुतिका आपल्या आईच्या प्रमाणानं चटणी करून नेते. माझं प्रमाण मी दिलेलं नाही. आमची चटणी खायची तर गडहिंग्लजला आलं पाहिजे, एवढं मी राखून ठेवलं आहे. सुयोग फोनवर म्हणतो, आज्जी, तुझ्या चटणीची सर न्हाई कशाला. मी ते ऐकून घेते.

गेल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, फोन तिच्याकडं दे. तिला विचारलं, काय गं, तुझी चटणी कशी झालीया ह्या वर्षी? खरं सांग.

ती म्हणाली, "खरं सांगू आज्जी? चांगली झालीय. ह्यांना आता हीच लागते."

मी म्हटलं, "ठेव फोन."